सरणार्थी

आमच्या घरमालक काकांना कायदा वाळवीनं शिकवला, असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसू देत. ते पुस्तक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कोर्टाच्या रद्दीतून उचललेलं, इंग्रजी, विटेएवढं जाड, पुठ्ठा उडालेला. आंतरराष्ट्रीय कायद्याचं. त्यातला समुद्राचा कायदा वाळवीनं खाल्ला होता, युद्धाचा खाल्ला होता, राजदूतांचा निम्मा खाल्ला होता. मधली दोनच प्रकरणं शाबूत होती. एक, परमुलखातून पळून आलेल्याला आश्रय कधी द्यायचा. दुसरं, पळालेल्याला परत कधी धाडायचं. काकांनी शब्दकोश मांडीवर ठेवून ती दोन प्रकरणं चार वर्षांत वाचली, आणि जगात एवढाच कायदा आहे अशी त्यांची खात्री झाली.

दारव्ह्यात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी अडीच वर्षं राहिले. गल्लीचं नाव मी लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं, त्यानं काय झालं ते पुढे येईलच.

काका जन्मभर कोर्टात बेलिफ होते. लोकांच्या दारी जाऊन समन्स बजावायचे, माणूस दार उघडत नसेल तर दारावरच डकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं की आयुष्यभर लोकांना ‘हजर व्हा’ म्हणालो, आता कोणाला कुठंही हजर करणार नाही. डकवायची सवय मात्र सुटली नाही. त्यांच्या घरी तोंडानं कमी आणि खळीनं जास्त बोलणं व्हायचं. नळ चालू राहिला की संध्याकाळी माझ्या दारावर कागद. ‘भाडेकरूने नळ बंद करावा. न केल्यास एकतर्फी निकाल होईल.’ काकूंनी भाजीत मीठ जास्त टाकलं की चुलीवरच्या भिंतीला कागद. काकू तो कागद वाचत नसत. पेटवणाला घालत.

दर आठवडी बाजाराच्या दिवशी काकांच्या ओट्यावर चर्चा भरायची. चार म्हातारे आणि एक शिंपी. विषय ठरलेला. परदेशातला एखादा राजा आपल्या प्रजेला छळून पळाला आणि दारव्ह्याला आला, तर त्याला परत धाडायचं की नाही? यावर हे लोक मशीनच्या सुईसारखे जागच्या जागी वरखाली व्हायचे. शिंपी कायम परत धाडा या बाजूचा. तो म्हणायचा, ‘‘राजा आला त उतरीन कुठी? लॉज त एकच आहे.’’ मग लॉज हा सुरक्षित देश धरायचा का, यावर तासभर.

मला संताप यायचा. कापसाची ती वाईट वर्षं होती. आमची संघटना हमीभावासाठी पत्रकं काढत होती, ती मी एसटीच्या टपावरच्या गठ्ठ्यांसारखी गावोगाव वाहत होते. जिनिंगपुढे बैलगाड्या तीन तीन दिवस उभ्या, आणि हे रिकामटेकडे राजाच्या मुक्कामाची काळजी करून राह्यले. एकदा मी ओट्यावर उभी राहून सरळ बोलले. तुम्हाला लाज वाटत नाही का, म्हटलं. चार म्हातारे खाली पाहू लागले. काकांनी चष्मा पुसला.

‘‘पोरी, कापसाले पाय नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘तो जिथी ठेवला तिथी राह्यते. हा कायदा पाय असनाऱ्याचा आहे.’’

मी पत्रकं उचलून निघून गेले.

काकांनी हा कायदा पहिल्यांदा लावला तो कोंबड्याला. शेजाऱ्याचा कोंबडा एका रविवारी सकाळी कुंपण ओलांडून आला आणि काकांच्या तुळईवर बसला. शेजारी मागायला आला, घरी पाहुणे होते, मसाला वाटून झालेला. काकांनी विचारलं, याला कशासाठी नेताय? शेजाऱ्यानं खरं सांगितलं. ‘‘मंग देता येत नाही,’’ काका म्हणाले. जिथं मृत्युदंडाची शक्यता तिथं परत पाठवायचं नाही. पाठवायचंच तर मागणाऱ्यानं लेखी हमी द्यायची की जीव घेणार नाही. शेजाऱ्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. त्यानं हसत हसत लिहून दिलं, खाली सही केली, कोंबडा नेला. पण घरी गेल्यावर तो हसायचा थांबला. कागद बेलिफाकडे होता. बेलिफ निवृत्त झाला तरी कागद निवृत्त होत नाही. पाहुण्यांना त्या दिवशी बेसन मिळालं. तो कोंबडा मी राहायला आले तेव्हाही जिवंत होता, म्हातारा, एका डोळ्यानं आंधळा, दुपारी चारला आरवायचा. गल्ली त्याला शिव्या द्यायची. हात कोणी लावत नव्हतं.

हे सगळं मी विनोद म्हणून लोकांना सांगायचे. मंदा येईपर्यंत.

मंदा मला बसस्टँडवर भेटली. मी पत्रकं वाटत होते, ती खांबाला टेकून उभी होती. पंचविशीची असेल. दोन्ही हातांत टॉवेलमध्ये गुंडाळलेला प्रेशर कुकर, बाळ धरावं तसा. डावा डोळा सुजून बंद झालेला. तिनं मला विचारलं, ‘‘बाई, हे उमरखेडच ना?’’

नव्हतं. तिचं सासर महागावकडचं, माहेर उमरखेडचं. घरचे सगळे कापसाच्या वेचणीला गेल्यावर ती निघाली आणि रस्त्यावर आलेल्या गाडीत चढली. गाडीच्या पाटीवर दोन्ही गावं होती, उमरखेड–दारव्हा. तिनं पहिलं नाव वाचलं. गाडी दुसऱ्या नावाकडे चालली होती. सगळा रस्ता डोकं खाली घालून बसली, त्यामुळे कळलंच नाही. मी म्हटलं, बाई, तू उलटी आलीस. ती रडली नाही. म्हणाली, ‘‘मंग बरंच झालं. ते लोक पयले उमरखेडलेच पाहतीन.’’

मी तिला घरी आणली. काकूंनी तिच्या डोळ्याला हळद लावली. काका आत गेले ते एक छापील नमुना घेऊन बाहेर आले. असा नमुना त्यांनी तयार करून ठेवलाय, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. राजा येईल म्हणून केलेला. अकरा प्रश्न होते. नाव. मुलूख. मुलूख सोडल्याचं कारण. कोणापासून भीती. मंदा एकेक सांगत गेली, काका लिहीत गेले. भीती नवऱ्यापासून, असं तिनं सहज सांगितलं, गावाचं नाव सांगावं तसं. शेवटचा प्रश्न होता, परत धाडल्यास काय होईल?

मंदानं विचार करून उत्तर दिलं. ‘‘आता वेचणी सुरू आहे, त हात मोडनार नाही. वेचणी संपल्यावर सांगता येत नाही.’’

काकांनी ते जसंच्या तसं लिहिलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, ‘‘असं उत्तर पुस्तकात नाही.’’

आता माझं ऐका. माझं शिक्षण पत्रकांवर झालेलं. पत्रकाला तीन गोष्टी लागतात, वर आरोळी, मध्ये संताप, खाली पत्ता. मी त्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं. काकांनी बजावलं की आश्रिताचा ठावठिकाणा बाहेर सांगू नये, असं पुस्तकात आहे. मी हो म्हटलं. त्यांची दुसरी अट मथळ्याची होती. मी ‘शरणार्थी’ लिहिलं होतं. त्यांनी ‘श’ खोडून ‘स’ केला.

मी म्हटलं, ‘‘काका, आमच्या घरी सरण म्हंजे लाकडं. मानूस जाळतात ते.’’

‘‘अन् आमच्या घरी रोज सकाळी तीनदा म्हनतात सरणं,’’ ते म्हणाले. ‘‘माह्या बापानं दीक्षा घेतली तवापासून. तो शब्द पयला. तुमची लाकडं मागून आली.’’

वाद घालायला मला वेळ नव्हता, छापखाना बंद व्हायला आला होता. त्यांचा मथळा घातला: ‘मंदाताई सरणार्थी! हात लावाल तर खबरदार!’ आणि खाली, हाताला सवय म्हणून, आमच्या गल्लीचा पूर्ण पत्ता. छापून झाल्यावर लक्षात आलं. आलं, आणि तरीही मी गठ्ठे कंडक्टरच्या हाती दिले. पत्ता नसलेलं पत्रक भेकडाचं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. हे मी कबूल करून टाकते.

महागावच्या बाजारात ते कोणीतरी मंदाच्या सासूला वाचून दाखवलं. ‘सरण’ वाचलं. पुढे ‘अर्थी’ वाचलं. आमच्या भागात मराठी निम्मी हिंदीत बोलतात, अर्थी म्हणजे तिरडी हे पोरासोरांनाही ठाऊक. लाकडं आली, तिरडी आली, आणि हात लावू नका म्हणजे पंचनामा व्हायचाय. आणखी काय राहिलं?

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत एक जीप येऊन थांबली. त्यातून पांढरे कपडे घातलेली आठ माणसं उतरली. पुढे मंदाची सासू. तिनं काकांच्या दारातच बसकण मारली आणि असा हंबरडा फोडला की अख्खी गल्ली बाहेर आली. माही मंदा, माही लक्षुमी, कशी सोडून गेली, वगैरे. मागच्या अंगणात मंदा धुणं धूत होती. ओल्या हातानं बाहेर आली आणि सासूला विचारलं, ‘‘आई, कोन गेलं व?’’

हंबरडा मध्येच तुटला. सासू उठली, तिनं मंदाची हनुवटी दोन्ही हातांनी धरली आणि तोंड उन्हाकडे फिरवलं. सुजलेला डोळा पाहिला, मग दुसरा पाहिला. ‘‘जित्ती आहे व माय,’’ ती म्हणाली, आणि हसली. खरंच हसली, मी पाहिलं. मागून मंदाच्या नवऱ्याचा मामा खाकरला. तिनं हात काढून घेतले आणि शिव्या सुरू केल्या.

हे मामा गावातले बोलणारे गृहस्थ. ते घरूनच अर्ज लिहून घेऊन आले होते: ‘मयत मंदा हिचे प्रेत आमच्या ताब्यात मिळणेबाबत.’ काकांनी तो अर्ज दोन्ही हातांनी घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे लेखी मागणी आली होती. त्यांनी ओटा झाडला, सतरंजी घातली, सगळ्यांना बसवलं. काकूंना पाणी द्यायला सांगितलं. मग स्वतः दाराच्या उंबरठ्यावर बसले, मंदा त्यांच्या पाठीमागे.

मामा म्हणाले, आता प्रेताचा प्रश्न नाही, पोरगी द्या, निघतो.

‘‘तुमी प्रेत मांगतलं,’’ काका म्हणाले. ‘‘जे मांगतलं तेच देता येते. प्रेत आमच्याकडे नाही. सबब अर्ज निकाली.’’

एक जण उठला आणि म्हणाला की उचलून गाडीत टाकू, काय करीन हा म्हातारा. मी उसळले. मुठी वळून दोन घोषणा दिल्या, तिसरी तोंडात होती. काकांनी माझ्याकडे न पाहता हळू आवाजात विचारलं, ‘‘पत्ता कोनं छापला?’’

मी खाली बसले. त्यानंतर त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही.

काकांनी मामांपुढे कोरा कागद ठेवला. नवीन अर्ज लिवा, घाई नाही, म्हणाले. तेव्हा कळलं नाही, आता कळतं. कागद चालू असताना कोणी उठत नाही, हे त्यांनी आख्ख्या नोकरीत पाहिलं होतं. मामा लिहू लागले तसा तो उठलेला माणूसही बसला, मामांच्या खांद्यावरून वाचू लागला, एक वेलांटी दुरुस्त केली. गुन्हे दोन निघाले. सून घर सोडून गेली, आणि जाताना कुकर घेऊन गेली.

काकांनी निकाल तोंडीच दिला. गुन्हा दोन्ही मुलखांत गुन्हा असला पाहिजे, नाहीतर माणूस परत मिळत नाही. घर सोडणं आमच्या गल्लीत गुन्हा नाही. ‘‘या शिंप्याची बायको दर दिवाळीले सोडते. कोनी केस केली का?’’ शिंपी गर्दीत होता. त्यानं मान हलवली, अभिमानानं की शरमेनं, सांगता येत नाही. पण कुकरचं काका मान्य करायला तयार होते. चोरी सगळीकडे चोरी. आतून काकू ओरडल्या की कुकर आंदणातला आहे, मंदाच्या बापानं दिलेला. ‘‘तरी अर्ज पडताळू,’’ काका म्हणाले. ‘‘पन आधी हमी.’’

तो कोंबड्याचाच कागद होता. नमुना तोच. ‘परत नेल्यास मारणार नाही.’ मामांनी सहीसाठी हात पुढे केला. काकांनी कागद मागे घेतला आणि कडेला बसलेल्या मंदाच्या नवऱ्यापुढे सरकवला.

नवरा तोवर एक शब्द बोलला नव्हता. शांत दिसणारा माणूस, शर्टाला बोंडाच्या काटक्या लागलेल्या. त्यानं पेन घेतलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग थांबला.

‘‘कधीच नाही असं लिवा लागते का?’’ त्यानं विचारलं.

काका म्हणाले, हो.

‘‘कधीच नाही असं कसं लिवू? उठतेच ना मानसाचा हात.’’

मामा चिडले. ‘‘लिव ना बे, कागदच त आहे.’’

‘‘कागद आहे म्हनूनच त,’’ नवरा म्हणाला आणि पेन सतरंजीवर ठेवलं.

मी सासूकडे पाहत होते. ती त्या पेनाकडे पाहत होती. एवढ्यात शेजारचा कोंबडा आरवला. चार वाजले असतील.

शेवटी मामा म्हणाले की बाई ठेवा तुमच्याकडे, कुकर द्या, रिकाम्या हातानं गेलो तर गावात तोंड दाखवता येणार नाही. काकांना ते कायदेशीर वाटलं. माणसाचं प्रत्यार्पण नामंजूर, वस्तूचं मंजूर, अशी नोंद झाली, पोच घेतली गेली. पांढऱ्या कपड्यांतली आठ माणसं एक कुकर घेऊन जीपमध्ये बसली. सासूच्या मांडीवर कुकर होता. जीप वळल्यावर काकूंनी पदराची गाठ सोडून दाखवली. आत कुकरची शिट्टी होती.

काका हादरले. हा करारभंग आहे, म्हणाले. काकूंनी उत्तर दिलं की शिट्टीनं आश्रय मागितला आहे, तिचाही नमुना भरा. त्यांच्या पन्नास वर्षांच्या संसारात काकूंनी कायदा बोललेली ही एकच वेळ.

माहेराहून निरोप आला की इथं वहिनी आहे, मंदा तिथंच बरी. ती राहिली. आठवडी चर्चेला बसू लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिनं शिंप्याला गप्प केलं. राजा पळून आला तर आधी त्याच्या बायकोला विचारा, म्हणाली. हा मुद्दा पुस्तकात नव्हता. चार म्हाताऱ्यांनी तो एकमतानं पुस्तकात घातला, वाळवीनं खाल्लेल्या जागी, खळीनं चिकटवून. मी माझ्या कामाला लागले. हमीभावाची पत्रकं निघत राहिली, मंदावर मात्र मी पुन्हा लिहिलं नाही.

माघ महिन्यात शेतं मोकळी झाली, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधाला लागल्या. एका सकाळी मी दार उघडलं तर ओट्यावर मंदाची सासू बसलेली. एकटी. उजव्या कडेवर कुकर. डावा हात पदराच्या झोळीत.

‘‘याची शिट्टी राह्यली इथी,’’ ती म्हणाली. ‘‘वाजत नाही हा.’’

काका बाहेर आले, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि आत जाऊन नमुना घेऊन आले. तो त्यांनी स्वतः भरला नाही. मंदाकडे दिला. मंदा सासूसमोर मांडी घालून बसली आणि वरपासून विचारत आली. नाव. मुलूख. मुलूख सोडल्याचं कारण?

‘‘शिट्टी.’’

मंदानं लिहिलं, शिट्टी.

‘‘कोणापासून भीती?’’

सासूनं कुकर खाली ठेवला. ‘‘तूनं काय लिवलं होतं?’’

मंदानं सांगितलं.

‘‘मंग तेच लिव.’’

मंदानं आपल्याच नवऱ्याचं नाव लिहिलं. आत काकू काहीतरी शोधत होत्या, डबे वाजत होते.

‘‘परत धाडल्यास काय होईल?’’

सासूनं झोळीतला हात किंचित वर उचलला, परत ठेवला. ‘‘वेचणी त संपली व,’’ ती म्हणाली.

मंदानं ते जसंच्या तसं लिहिलं आणि कागद काकांना दिला. काकांनी दोनदा वाचला. मग टाक घेऊन सगळ्यात वर, मोकळ्या ठेवलेल्या जागी, ठळक अक्षरांत लिहिलं: सरणार्थी.

श की स, यावर त्या दिवशी मी भांडले नाही.